वैजनाथ सरांची कंबर

“निघा रे बाहेर! लेकरं घ्या, म्हातारी माणसं घ्या, निघा! जावईबापूची कंबर धरली!”

भर दुपारी गल्लीच्या मधोमध उभ्या राहून मुरुडच्या आक्का ओरडत होत्या. आवाज असा, की तिकडं आडत बाजारात हमालांनी पाठीवरची पोती खाली टाकली असतील. अर्ध्या मिनिटात अख्खी गल्ली घराबाहेर. एक जण अर्धी दाढी करून आला होता, अर्धी फेसात. एका बाईनं घाईत लेकराऐवजी कुकर उचलून आणला होता आणि तो तिच्या कडेवर शिट्ट्या मारत होता. कोपऱ्यावरच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते, ते पोह्यांच्या बश्या घेऊन रस्त्यावर आले. मुलगी त्यांच्याही पुढं पळाली. “जरा चालून दाखव बाळ,” म्हणायची गरजच राहिली नाही. ते लग्न तिथंच जमलं. तुम्ही म्हणाल मी फेकतोय, पण त्या लग्नात मी स्वतः जिलबी वाढलीय.

सगळे बाहेर आले. आत राहिले ते एकटे वैजनाथ सर. माठातून पाणी घ्यायला वाकले होते आणि तसेच अडकले होते; एका हातात तांब्या, दुसरा हात कमरेवर, तोंड जमिनीकडं. ज्या कमरेनं गल्लीला इशारा दिला ती कंबर तेवढी घरात. खरोखर भूकंप झाला असता तर सगळी गल्ली वाचली असती आणि भोंगा तेवढा ढिगाऱ्याखाली गेला असता.

मी समोरच राहायचो. आत डोकावलो आणि म्हणालो, “सर, चला बाहेर.”

“चलता आलं असतं तर ही बोंब कशाला झाली असती?” सर तांब्याकडं बघत म्हणाले. “एक सांगा. बाहेर एवढी माणसं उभी हायेत. त्यातल्या एकानं तरी विचारलं का, सर, दुखतंय का म्हणून?”

मी आठवून पाहिलं. कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा.

दहा मिनिटांनी जमीन हलली. आता ती आपोआप हलली की उसाचा ट्रक गेला म्हणून हलली, यावर गल्लीत दोन पक्ष होते. पण पुढच्या वेळी पळताना दोन्ही पक्ष एकदमच पळाले.

वैजनाथ सर आमच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, मी केमिस्ट्री. सहा फुटांचा सडसडीत माणूस, डोक्याला तेल, शर्टाच्या वरून कमरेचा पट्टा. डॉक्टरनं पट्टा शर्टाच्या आतून बांधायला सांगितलं होतं, पण सरांचं म्हणणं, “आतून बांधला तर लोकांना कसं कळंल?” त्यामुळं अनोळखी माणसं त्यांना हवालदार समजायची आणि त्यांना बघून विडी विझवायची. आक्का त्यांच्या सासूबाई. मुरुडच्या घराची भिंत किल्लारीच्या भूकंपात फाटली म्हणून, भिंत बांधून होईपर्यंत म्हणून, त्या लेकीकडं आल्या. भिंत दोन महिन्यांत झाली. आक्का राहिल्या.

कंबर गेली ती भूकंपाच्या पहाटेच. लातुरात भांडी पडली, भिंती हलल्या, आम्ही अंगावरच्या कपड्यानिशी रस्त्यावर. रस्त्यावर आल्यावर सरांना फिजिक्स आठवलं, की घरात भरलेला सिलिंडर आहे. परत आत धावले, एका हातानं सिलिंडर उचलला, उंबऱ्यावर गर्रकन वळले, आणि कमरेत कट् असा आवाज झाला. सिलिंडरला काही झालं नाही. पुढं किती तरी वर्षं सर फळ्यावर त्या क्षणाची आकृती काढून दाखवायचे. हा मी, हा सिलिंडर, हा टेकू, हे अंतर. “वजन अंगाजवळ धरायला पाहिजे होतं,” म्हणायचे. “पहिल्याच धड्यात हाय. मीच शिकवतो.”

तिसऱ्या दिवशी आमच्या कॉलेजनं भाकरीचा ट्रक किल्लारीच्या बाजूला नेला. एवढं एक मात्र मी मीठमसाला न लावता सांगतो. सर आले होते. उचलता काहीच येत नव्हतं, म्हणून उभे राहून भाकरी वाटत होते, मधूनच कमरेवर हात ठेवत होते. एक बाई होती. तिचं घर म्हणजे समोरचा दगडांचा ढीग, आणि घरातलं कोण राहिलं कोण गेलं हे विचारायची आमची छाती नव्हती. तिनं सरांकडं बघितलं, ढिगातला एक दगड ओढून सारखा केला आणि म्हणाली, “गुरुजी, बसा की. दमलाव तुम्ही.”

परत येताना सर ट्रकच्या हौद्यात उभे होते. एवढंच म्हणाले, “आता कुणाच्या तोंडानं सांगू की माझी कंबर दुखती?”

ही त्यांची खरी अडचण. दुखणं तर होतंच. ते सांगायला तोंड नव्हतं. जिल्ह्यात ज्याच्या त्याच्या घरात कुणी ना कुणी गेलेलं, आणि हे सिलिंडर उचलून कंबर धरून बसलेले. त्यामुळं त्यांनी ओरडायचं तेवढं ठेवलं आणि सांगायचं बंद केलं. मग गल्लीनं त्या ओरडण्याचा आपल्या सोयीनं अर्थ लावला. पहिल्या महिन्यात दोनदा असं झालं, की सर ‘आई गं’ म्हणाले आणि मागोमाग जमिनीला बारीक धक्का बसला. सर दिवसातून चाळीसदा ‘आई गं’ म्हणत हे कुणी मोजलं नाही. आक्कांनी जाहीर केलं, “आमच्या जावयाला आधी कळतंय.” झालं. शेजारच्या गल्लीतली माणसंसुद्धा सकाळी दूध आणताना विचारून जायची, “काय आक्का, आज कंबर काय म्हणती?” आक्का आत वाकून बघायच्या आणि निकाल द्यायच्या: “शांत हाय. कपडे वाळत घाला.”

सर बुद्धिवादी माणूस. चिडायचे. “अहो, पृथ्वीचं कवच कुठं, माझा मणका कुठं! दोन्हींचा संबंध काय?” पण लोकांना ते विनयानं बोलतात असंच वाटायचं.

उपचार काही कमी झाले नाहीत. एरंडाचं तेल झालं, बिब्ब्याचे चटके झाले, विटकर तापवून शेकणं झालं. मग आक्कांच्या लक्षात आलं की हे उसण भरल्याचं दुखणं आहे आणि त्यावर एकच इलाज: पायाळू माणसाची लाथ. जो पायाकडून जन्माला आला त्यानं कमरेला लाथ लावली की उसण पळते, हे आमच्याकडं शाळेत न गेलेल्यालाही माहीत असतं. प्रश्न एवढाच, की पायाळू माणूस आणायचा कुठून. चार दिवस शोध चालला. आणि पाचव्या दिवशी आक्का चहाचा कप खाली ठेवून बारीक आवाजात म्हणाल्या, “मीच हाय पायाळू.”

सासूनं जावयाला लाथ मारायची! ज्या जावयाचे अधिक महिन्यात पाय धुवून पाणी डोळ्याला लावायचं, त्याला! सरांच्या बायकोनं, शकूवहिनींनी, डोक्याला हात लावला. आक्का मात्र कायदा काढून तयार होत्या. “आधी पाया पडते. मग मारते. मग परत पाया पडते. वजाबाकी होऊन जाती.”

अमावास्येला सकाळी हा कार्यक्रम झाला. अंगणात सर भिंतीला हात टेकून उभे, सगळी गल्ली गच्चीवर. आक्कांनी पदर खोचला, जावयाला कुंकू लावलं, वाकून नमस्कार केला, मागं गेल्या, आणि अशी लाथ घातली की सर भिंतीवर, भिंतीवरची सुपली खाली, आणि शेजारची शेळी दावं तोडून थेट औसा रोडला. ती शेळी तिसऱ्या दिवशी सापडली. आक्कांनी पुढं होऊन परत नमस्कार केला. त्या नमस्कारात, माझ्या मते, जरा समाधान जास्त होतं.

“उतरलं का?” गच्चीवरून विचारणा झाली.

सर भिंतीला तोंड लावूनच म्हणाले, “आता कंबर त्यामानानं कमी दुखतीय. बाकी सगळं दुखतंय.”

मग आली डॉक्टरांची पाळी. लातूरचा एक्स-रे, सोलापूरचा एक्स-रे, हैदराबादचं मोठं यंत्र. प्रत्येक ठिकाणी कागदावर एकच मजकूर: नॉर्मल. आमच्या गावाची गंमत बघा. इथं घराघरात लेकरांचा निकाल चांगला यावा म्हणून देव पाण्यात ठेवतात, आणि हा एक माणूस नापास व्हायला तडफडत होता. हैदराबादच्या डॉक्टरला सर म्हणाले, “साहेब, निदान एक मणका तरी सरकलेला दाखवा. थोडासा. बॉर्डरवर असंल तर ग्रेस द्या.” डॉक्टर हसले आणि पाठीवर थाप मारली. नेमकी तिथंच.

तो कागद घरी आला आणि घरातलं हवामानच बदललं. वहिनी साधी बाई, त्यांचा दोष नाही. पण त्या म्हणाल्या, “रिपोर्टात न्हाई म्हणतेत, मग कमरेत कुठून येतंय?” सरांनी सगळे एक्स-रे खिडकीला पडद्यासारखे लावले. सकाळचं ऊन त्यातून यायचं आणि घरभर सरांच्या बरगड्यांची सावली पडायची. वहिनी त्या सावलीत भाजी निवडायच्या.

सर बसायचे नाहीत. बसलं की उठताना जीव जायचा, म्हणून बसणंच सोडलं. जेवण खिडकीच्या कट्ट्यावर ताट ठेवून, पेपर तपासणं कपाटावर वही ठेवून. लग्नात पंगत बसली की हे मागं उभे, हातात द्रोण. तीनदा त्यांना वाढपी समजून लोकांनी भात मागितला आणि सरांनी वाढला. कुणाच्या घरी गेले की यजमान म्हणायचे, “बसा की सर,” आणि सर म्हणायचे, “नको, आत्ताच बसून आलो.” ही थाप त्यांनी बारा वर्षं मारली.

या बारा वर्षांत आमचं गाव मात्र पार बदलून गेलं. ज्या पत्र्याच्या शेडात कडबा ठेवायचे तिथं क्लास निघाले. भिंतींवर पोरांचे फोटो, खाली टक्के. खेड्यापाड्यातून, उदगीर-निलंग्यापासून, आई-बापं लेकरांना घेऊन यायची, खोली करून राहायची, आणि आई स्वयंपाक करता करता ऐकून ऐकून अर्धी फिजिक्स शिकायची. आम्ही दोघंही संध्याकाळी एका क्लासमध्ये शिकवायला लागलो. क्लासचे मालक स्वतःला डायरेक्टर म्हणवून घ्यायचे. माणूस कामाचा, कशातूनही निकाल काढायचा.

तिथंही कंबर आडवी आली. किंवा कामाला आली म्हणा.

झालं असं. एका वर्षी सर फळ्यावर गणित सोडवत होते आणि मध्येच ‘आई गं!’ करून फळ्याला धरून उभे राहिले. ते गणित बोर्डाच्या पेपरात जसंच्या तसं आलं. ते गणित दर दोन वर्षांनी येतंच, हे मला माहीत होतं, सरांना माहीत होतं, पेपर काढणाऱ्याला तर माहीत होतंच. पोरांना माहीत नव्हतं. पोरांनी जोडलं, की सरांची कंबर जिथं धरती ते पेपरात येतं. पुढच्या बॅचपासून सर कळवळले की दोनशे वह्यांच्या समासात दोनशे चांदण्या. साधा सुस्कारा असंल तर एक चांदणी, ‘आई गं’ला दोन, आणि फळा धरून उभे राहिले तर तीन चांदण्या आणि खाली लाल रेघ. झेरॉक्सवाला त्या वह्या जमवून विकायला लागला. गिऱ्हाईक नुसतं ‘कंबर सेट द्या’ म्हणायचं. संध्याकाळी क्लासच्या फोनवर बाहेरगावचे पालक विचारायचे, “आज सरांची कंबर कोणत्या धड्यात धरली?” डायरेक्टरनं ते सांगायला फोनवर एक बाईच बसवली.

खरं कारण मी सांगतो. फळ्याच्या तळाला लिहायला वाकावं लागायचं, तिथं कंबर धरायची. बस. जो मजकूर तळाला यायचा तो आयएमपी ठरायचा. ‘चुंबकत्व’ हा धडा दोन वर्षं पोरांनी सोडून दिला, कारण सर त्या दिवशी वरच्या बाजूलाच लिहीत राहिले.

मी सरांना म्हणालो, “सर, चांगलं झालं की. आता तुमच्या कमरेला गावात मान हाय.”

सरांनी माझ्याकडं बघितलं. “दोनशे पोरं माझं तोंड टक लावून बघतेत,” म्हणाले. “मी कळवळलो की त्यांच्या तोंडावर आनंद दिसतो.”

मी हसलो. सर हसले नाहीत. पुढं पुढं ते हसेनासेच झाले. सुट्टीच्या दिवशी भिंतीकडं तोंड करून फरशीवर पडून राहायचे. वहिनींनी जेवायला हाक मारली तर चिडायचे, नाही मारली तरी चिडायचे. कंबर जरा कमी दुखत असलेल्या दिवशी तर जास्तच, कारण त्या दिवशी ते कळ यायची वाट बघायचे. एकदा गच्चीवर उभे होते. खाली गल्ली, समोर क्लासच्या पाट्या. सर कठड्याला टेकून म्हणाले, “असं रोज उभं राहण्यापेक्षा एकदाच...” आणि वाक्य तिथंच सोडलं. मी घाईत काहीतरी विनोद केला. तो काय होता हे मी इथं लिहीत नाही, मला त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी शकूवहिनी आमच्या दारात. “भावजी, यांना नांदेडला घेऊन जा. तिथं एक बाई डॉक्टर हाय म्हणं. मनाची.”

“वहिनी, लातुरात बी हायेत की.”

“लातुरात त्या पायरीवर कुणी बघितलं तर? मास्तर येडे झाले म्हणतेल. नांदेडात कोण ओळखतंय?”

सरांना सांगितल्यावर सर भडकले. “दुखतीय कंबर आन नेताय डोक्याच्या डॉक्टरकडं! म्हणजे शेवटी तुमचं बी मत तेच. की मी नाटक करून राहिलो.” दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पट्टा आवळून स्वतःच एसटी स्टँडवर येऊन उभे राहिले. अर्थात उभेच.

एसटीत वीस जागा रिकाम्या, आणि सर दांडा धरून मधोमध उभे. शर्टावर पट्टा, खांद्याला पिशवी, कपाळाला आठ्या. कंडक्टरनं एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि टोपी नीट केली. एवढ्या जागा असून जो बसत नाही तो तपासणीवालाच असणार! त्या दिवशी लातूर ते नांदेड जेवढी तिकिटं फाडली गेली तेवढी त्या गाडीच्या जन्मात फाडली नसतील. अहमदपूरला एक म्हातारी कोंबडी घेऊन चढली, तर यानं कोंबडीचंही तिकीट फाडलं. म्हातारी म्हणाली, “आरं बाबा, ही तर शिजायलाच चाललीय!” कंडक्टर सरांकडं बघत मोठ्यानं म्हणाला, “नियम म्हंजे नियम!” नांदेडला उतरताना त्यानं सरांना हात जोडले. “साहेब, काही चूक झाली असंल तर पोटात घाला.”

सर म्हणाले, “भाऊ, माझी कंबर दुखती म्हणून उभा होतो.”

कंडक्टर कौतुकानं मान हलवत म्हणाला, “सगळे साहेब असंच म्हणतेत.”

दवाखान्यात आमचा नंबर आला. सरांनी मला हाताला धरून आत ओढलं, साक्षीदार म्हणून. समोर तिशीला टेकलेली डॉक्टरीण. तिनं मान वर केली आणि खुर्चीवरून ताडकन उठली. “सर! तुम्ही!”

झाली का पंचाईत! लातूरच्या मास्तरला मराठवाड्यात अनोळखी डॉक्टर मिळणंच शक्य नाही. कुठल्याही दवाखान्याचं दार ढकला, आत आपलाच पहिला बाक बसलेला असतो. ही मीनाक्षी, कंबर सेटच्या पहिल्या बॅचची. सर तिथूनच मागं वळले होते, पण पटकन वळणं हे त्यांच्या हातात नव्हतं. ते वळेपर्यंत तिनं दार लावून घेतलं.

“सर, दुखणं एक ते दहामध्ये किती?”

“एकक सांग आधी,” सर म्हणाले. “एकक न सांगता आकडा दिला तर मी अर्धा मार्क कापत होतो. विसरलीस?”

“एकक तुम्हीच ठरवा सर. तुमचंच दुखणं आहे.”

सरांनी पिशवीतून सगळे रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले, एकावर एक, बारा वर्षांचे. म्हणाले, “हे बघ. सगळीकडं नॉर्मल. मला खरं सांग, मी नाटक करतोय का?”

तिनं रिपोर्ट उघडलेच नाहीत. ती म्हणाली, “सर, आम्ही वहीत चांदण्या काढायचो. तुमच्या प्रत्येक कळवळण्याला. मी त्या चांदण्यांवर डॉक्टर झाले. आणि आम्हां दोनशे जणांत एकालाही उठून विचारावंसं वाटलं नाही, की सर, दुखतंय का.” मग रिपोर्टांवर हात ठेवून म्हणाली, “रिपोर्ट नॉर्मल आहे, हे खरं. दुखतंय, हेही खरं. बारा वर्षं दुखल्यावर माणसाचं मन खचतं, झोप जाते, आणि झोप गेली की जास्त दुखतं. यात नाटक कुठंच नाही.”

“लिहून दे,” सर म्हणाले.

तिनं कागद ओढला आणि ठळक मराठीत लिहिलं: यांची कंबर दुखते. खाली सही, शिक्का.

सहा फुटांचा तो माणूस कागद हातात घेऊन रडायला लागला. असं रडला, की बाहेर नंबर लावून बसलेले दोन पेशंट, आत भलताच इलाज चाललाय असं समजून उठून घरी गेले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो. त्यात त्या महिन्यात तीन चतुर्थ्या होत्या. निदान मला तशा दिसल्या.

त्यानंतर दर महिन्याला आमच्या नांदेडच्या फेऱ्या. गोळ्या होत्या, सकाळचं चालणं होतं, व्यायाम होते, आणि तासभर नुसतं बोलणं होतं. दुखणं गेलं असं नाही. पण सर झोपायला लागले. वहिनींनी तो कागद वाचला, परत वाचला, घडी करून देवघरात ठेवला आणि त्या दिवसापासून रोज सकाळी विचारू लागल्या, “आज किती?” सर म्हणायचे, “सहा.” वहिनी म्हणायच्या, “काल सातवर होतं.” एवढंच. आणि एक दिवस मी गेलो तर सर पाटावर बसून जेवत होते. आक्कांनी मला दारातच खूण केली: बोलू नका, दृष्ट लागंल.

पण संकट आलं ते क्लासमध्ये. मीनाक्षीनं शिकवलं होतं, की कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यात वाकायचं. सर आता फळ्याच्या तळाला लिहिताना गुडघ्यावर बसायचे आणि बिनआवाजाचे उठायचे. एक आठवडा गेला, दोन गेले. वह्यांमध्ये एक चांदणी पडेना. झेरॉक्सवाल्याचं दुकान ओस. फोनवरच्या बाईला शिव्या. तिसऱ्या आठवड्यात पालकांचा मोर्चाच आला. परीक्षा तोंडावर, आणि सरांची कंबर बरी होतेच कशी? एक जण तर म्हणाला, “आमच्या थोरल्याच्या वेळी दुखत होती, मग धाकटीवरच अन्याय का?”

डायरेक्टरनं सभा लावली आणि सरांना कोपऱ्यात घेतलं. “सर, खरं दुखू नका. पण चार-पाच ठिकाणी नुसतं ‘आई गं’ म्हणायला काय जातंय?”

मला वाटलं, सर आता खडू फेकून मारतात. फेकला नाही. शांतपणे फळ्यापुढं गेले. त्याच वर्षी सर निवृत्त होऊन परगावी लेकीकडं राहायला गेले, त्यामुळं फळ्यापुढचे सर मला दिसतात ते याच दिवशीचे. हॉल गच्च भरलेला. पालक पुढं, पोरं मागं, प्रत्येकाच्या मांडीवर उघडी वही.

“पालकहो, तुमचा गैरसमज झालाय,” सर म्हणाले. आवाज न चढवता. “माझी कंबर बरी झालेली नाही. आत्ता उभा हाय ना, आत्ताही दुखती. उष्णता शिकवताना दुखायची, प्रकाश शिकवताना दुखायची. तुमच्या लेकरांनी चांदणी काढली तिथं दुखायची, आणि काढली नाही तिथंही तेवढीच दुखायची. तिथं मी ओरडत नव्हतो, एवढंच. बारा वर्षांत एक धडा असा गेला नाही, एक पान असं गेलं नाही, की मला दुखलं नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो.”

डायरेक्टर स्वतःच्या बुटांकडं बघत होते. मी सरांकडं बघत होतो, आणि खरं सांगतो, माझ्या डोळ्यांसमोरचा फळा पाण्यात गेला होता.

पहिल्या रांगेत अहमदपूरकडचा एक शेतकरी बाप बसला होता, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. सगळं भाषण त्यानं कान देऊन ऐकलं होतं. त्यानं एक लांब श्वास सोडला, मागं वळला आणि लेकीला म्हणाला, “सगळंच पुस्तक येतंय म्हणं. लिहून घे, बाई.”